झाड वाचवणाऱ्याचा सत्कार कसा करावा

महाराष्ट्र शासनाचा ‘छत्रपती शिवाजी महाराज वनश्री पुरस्कार’ आहे. वृक्षलागवड आणि संगोपनाचे चांगले काम करणाऱ्या व्यक्ती, शाळा, ग्रामपंचायती, सेवाभावी संस्था यांना तो दिला जातो, आणि दिला जायलाच हवा. उजाड माळावर डोक्यावरून पाणी वाहून रोपे जगवणाऱ्या माणसाचे सरकारने कौतुक करावे, यात दुमत असण्याचे कारण नाही. मला बोलायचे आहे ते त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाबद्दल. जे झाड आधीपासून उभे आहे, जे जंगल कोणी लावलेले नाही, जी पाणथळ जागा पिढ्यान् पिढ्या आपली आपण भरते आणि आटते, ती तशीच राहावी म्हणून जो दहा-पंधरा वर्षे अर्ज, हरकती आणि याचिका करत राहतो, त्याच्यासाठी आपल्या सार्वजनिक जीवनात कोणती जागा आहे?

मुंबईच्या आरे वसाहतीतल्या जंगलात 2019 साली जे झाले त्यात या प्रश्नाचे एक उत्तर आहे. 4 ऑक्टोबरला, शुक्रवारी, मेट्रो-3 च्या कारशेडसाठी (गाड्या उभ्या करण्याच्या आणि दुरुस्तीच्या जागेसाठी) होणाऱ्या वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळल्या आणि त्याच रात्री आरेत करवती सुरू झाल्या. बातमी मोबाइलवरून पसरली, माणसे मिळेल त्या वाहनाने तिकडे धावली. दुसऱ्या दिवशी परिसरात जमावबंदी होती, आत जाणारे रस्ते बंद होते आणि 29 जणांना अटक झाली होती. त्यांत कॉलेजात शिकणारी मुले-मुली होती. सोमवारी, 7 तारखेला, विधी शाखेच्या एका विद्यार्थ्याच्या पत्राची दखल घेत सर्वोच्च न्यायालयाने सुट्टीच्या काळात विशेष पीठ बसवले. आणखी झाडे तोडू नका, अटकेतल्या सगळ्यांना सोडा, असे सांगितले. तोपर्यंत 2,141 झाडे पडली होती.

अटक झालेल्यांवर लावलेल्या कलमांत तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचे 353 होते. सरकारी नोकराला कर्तव्य करण्यापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर, असा त्याचा अर्थ. हा गुन्हा अजामीनपात्र आहे. वीस-बावीस वर्षांच्या मुलीच्या नावापुढे हे कलम लागते तेव्हा एका रात्रीच्या कोठडीवर प्रकरण थांबत नाही. पासपोर्टची पोलिस पडताळणी येते, सरकारी नोकरीच्या अर्जात ‘आपल्यावर कोणता गुन्हा दाखल आहे काय’ हा रकाना येतो, घरात आई-वडिलांची झोप उडते. त्या वर्षी सरकार बदलले आणि 1 डिसेंबरला नव्या मुख्यमंत्र्यांनी हे गुन्हे मागे घेण्याची घोषणा केली. घोषणेचे स्वागत झालेच पाहिजे. पण खटला मागे घ्यायचा तर सरकारी वकिलाने अर्ज करावा लागतो, न्यायालयाची संमती लागते, आणि हे सगळे होईपर्यंत तारखांना त्या मुलांनीच जायचे असते. मंत्र्याच्या तोंडचे वाक्य आणि न्यायालयाच्या नोंदवहीतले वाक्य यांत फार अंतर आहे.

हीच मुले नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून काय शिकून आली होती, तेही पाहा. 1976 साली 42 व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत मूलभूत कर्तव्ये आली. त्यांत 51-अ (छ) मध्ये वने, सरोवरे, नद्या आणि वन्य जीवसृष्टी यांसह नैसर्गिक पर्यावरणाचे रक्षण करणे आणि प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी बाळगणे हे प्रत्येक भारतीय नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. शाळेत आपण ते पाठ करून घेतो, दोन गुणांना विचारतो. ज्याने ते मनावर घेतले त्याच्याशी राज्ययंत्रणा कशी वागते, त्यावर त्या कर्तव्याची किंमत ठरते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. निसर्ग राखणाऱ्या नागरिकाचा सन्मान करायचा असेल तर तो ज्या जागेसाठी झगडला ती जागा कायद्याने पक्की करा, झगडताना त्याच्यावर चढवलेले खटले उतरवा, आणि पुढच्या निर्णयांत त्याला बसायला खुर्ची द्या. समारंभ त्यानंतर खुशाल करावा.

याला आपल्याच देशात फार जुना दाखला आहे. 1730 साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात महाराजा अभयसिंहांची माणसे नव्या महालासाठी चुना भाजायला लाकूड हवे म्हणून खेजडीची झाडे तोडायला आली. अमृतादेवी नावाची बिश्नोई स्त्री झाडाला मिठी मारून उभी राहिली. ती मारली गेली, तिच्या मुली मारल्या गेल्या, आणि बिश्नोई परंपरा सांगते त्याप्रमाणे एकूण 363 माणसांनी झाडांसाठी प्राण दिले. महाराजांना हे कळले तेव्हा त्यांनी क्षमा मागितली आणि बिश्नोई गावांच्या हद्दीत झाड तोडणे व शिकार करणे यांवर बंदी घातली, असे ही परंपरा सांगते. राजाने केलेला सत्कार तो होता: एक हुकूम, जो त्याच्या पुढच्या माणसांनाही बांधील राहील. आज केंद्र सरकार अमृतादेवी बिश्नोईंच्या नावाने वन्यजीव संरक्षणाचा पुरस्कार देते. ज्या बाईच्या नावाने हा पुरस्कार आहे ती राजाज्ञेच्या आड आली होती, हे देणाऱ्याने आणि घेणाऱ्यानेही ध्यानात ठेवावे. आजच्या पोलिस ठाण्यात तिच्यावर शासकीय कामात अडथळा आणल्याचीच नोंद झाली असती.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते, याची लोकांना फारशी कल्पना नसते. आंदोलक म्हटले की डोळ्यांपुढे फलक आणि घोषणा येतात. पण त्या घोषणांच्या मागे कंटाळवाणे, एकट्याने करायचे काम असते. शहरात झाड तोडायचे असेल तर खोडावर नोटीस लावतात. पावसाने शाई पसरलेला एक कागद, त्यावर झाडांची संख्या, कारण आणि हरकत घेण्याची मोजक्या दिवसांची मुदत. बहुतेक जण त्या कागदाजवळून चालत जातात. एखादा थांबतो, फोटो काढतो, झाडे मोजतो. नोटिशीत ‘सुबाभूळ’ लिहिलेले असते आणि समोर उंबर असतो. ‘धोकादायक’ लिहिलेले असते आणि झाड धडधाकट असते. मग तो हरकत लिहितो, उद्यान विभागात नेतो, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतो. शिक्का फार महत्त्वाचा. तो नसेल तर पुढे न्यायालयात ‘हरकत आलीच नाही’ असे प्रतिज्ञापत्र येऊ शकते. त्यानंतर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. 30 दिवसांत उत्तर यायचे असते. ‘माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही’ असे उत्तर आले की पहिले अपील, मग दुसरे. विकास आराखड्याचे नकाशे, सातबारे, जुनी छायाचित्रे, पक्ष्यांच्या नोंदी यांचा ढीग घरातल्या कपाटात वाढत जातो. हे करणारा माणूस बँकेतून निवृत्त झालेला असतो, शिक्षिका असते, दुकान सांभाळून वेळ काढणारा असतो. मी अशी माणसे जवळून पाहिली आहेत. त्यांच्यातल्या कोणालाही भांडायची हौस नव्हती. त्यांना वेळेत खरे उत्तर मिळाले असते तर अर्ध्या याचिका दाखलच झाल्या नसत्या.

मोठ्या प्रकल्पांच्या बाबतीत आणखी एक भिंत आहे. 2006 च्या पर्यावरणीय परिणाम अधिसूचनेनुसार जनसुनावणीआधी प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. सारांश मराठीत, आणि शेकडो पानांचा मूळ अहवाल इंग्रजीत. कोणते झरे आटणार, कोणत्या प्राण्यांची वाट तुटणार, हे सारे त्या शेकडो पानांत असते. ज्याची जमीन, ज्याचा डोंगर, त्याला आपल्या भाषेत चार पाने वाचून हरकत घ्यायला सांगणे ही सुनावणी कशी म्हणावी? पूर्ण अहवाल मराठीत द्या, ही मागणी मराठीचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येक पक्षाने केली पाहिजे होती. केली ती गावोगावच्या अशा एकट्या-दुकट्या माणसांनी.

आरेच्या झाडांबद्दल महापालिकेकडे 80 हजारांहून अधिक हरकती आल्या होत्या. इतक्या लोकांनी एखाद्या वृक्षतोडीविरुद्ध लेखी म्हणणे मांडावे, ही लोकशाहीच्या दृष्टीने केवढी मोठी घटना होती! 29 ऑगस्ट 2019 रोजी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने 2,185 झाडे तोडायला आणि 461 झाडे दुसरीकडे लावायला मंजुरी दिली. इतक्या हरकतींतले मुद्दे कोणते, त्यांतला कोणता मुद्दा कोणत्या कारणाने अमान्य, याचे समाधानकारक उत्तर हरकत घेणाऱ्या माणसापर्यंत पोचले नाही. अपमान होतो तो इथे.

आता एका लढ्याकडे पाहू, जो जिंकला गेला. मुंबई, ठाणे, नवी मुंबईच्या खाड्यांकाठी तिवरांची जंगले, म्हणजे कांदळवने, आहेत. ती मारायची पद्धत ठरलेली होती. आधी एक छोटा बांध घालून भरतीचे पाणी अडवायचे. मुळांना खारे पाणी मिळाले नाही की काही महिन्यांत तिवरे वाळतात. मग रात्री राबिटाचे, म्हणजे बांधकामाच्या ढिगाऱ्याचे, डंपर येतात, भरणी होते, आणि जमीन ‘आधीपासूनच सपाट’ असल्याचे सांगितले जाते. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप या नागरिकांच्या संस्थेने याविरुद्ध याचिका केली. 6 ऑक्टोबर 2005 रोजी उच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन राज्यभर तिवरतोडीवर बंदी घातली आणि तिवरांभोवतीच्या 50 मीटर पट्ट्यातही बांधकामाला मनाई केली. त्याच वर्षी 26 जुलैला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस कोसळून मुंबई बुडाली होती. खाडीकाठचा हा चिखल पाणी कसे पोटात घेतो, हे त्या वर्षी लोकांना नव्याने कळले होते. अंतिम निकाल आला 17 सप्टेंबर 2018 रोजी. मधल्या 13 वर्षांत 2012 साली राज्याने वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला, 2015 मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले. निकालानंतर, 2022 मध्ये, त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला. आज आपण ऐरोलीला बोटीत बसून रोहित (फ्लेमिंगो) पक्षी पाहतो, मुलांना दाखवतो, फोटो टाकतो. त्या गुलाबी थव्यामागे तेरा वर्षे तारखांना हजर राहिलेली माणसे आहेत, हे तिथल्या एखाद्या फलकावर लिहिलेले मला आवडेल. त्याहून आवडेल ते निकालात सांगितल्याप्रमाणे तिवरांची प्रत्येक सरकारी जमीन वन विभागाच्या नावावर चढलेली पाहणे. सरकारी खात्यांनी एकमेकांना जमीन द्यायला वर्षानुवर्षे लावली आहेत.

या संस्थेच्या पायाशी श्याम चैनानी होते. त्यांचे नाव मुंबईतही फार लोकांना ठाऊक नाही. किनारपट्टीचे नियमन, माथेरानचे जंगल, वारसा इमारती यांसाठी या माणसाने आयुष्यभर फायली वाचल्या आणि मंत्रालयाचे उंबरठे झिजवले. 2003 साली माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला, त्यामागे त्यांच्या संस्थेचा पाठपुरावा होता. ते आज हयात नाहीत. दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवून चालत वर जाणाऱ्या पर्यटकाला त्यांचे नाव माहीत नसले तरी त्यांनी राखलेली सावली मिळते. अशा माणसाचे स्मारक म्हणजे ती अधिसूचना, आणि ती पातळ होऊ न देणे हाच त्यांच्याबद्दलचा आदर.

यावर जे आक्षेप घेतले जातात ते मी हलके मानत नाही. पहिला आक्षेप: ही माणसे विकासाच्या आड येतात, प्रकल्प रखडतात, खर्च वाढतो आणि तो सामान्य माणसाच्याच खिशातून जातो. लोकलच्या दारात लटकून प्रवास करणाऱ्याला मेट्रो हवी आहे, हे खरेच आहे. मेट्रो-3 आज धावते आहे आणि लोकांना तिचा उपयोग होतो आहे, याचा मला आनंद आहे. पण आरेच्या आंदोलकांचे म्हणणे मेट्रो नको असे नव्हते. कारशेडची जागा बदला, असे होते. मिठी नदीच्या पाणलोटात, बिबट्याच्या वावराच्या जागेत, राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या हिरव्या पट्ट्यात कारशेड का, एवढा तो प्रश्न होता. खर्च वाढला तो प्रश्न विचारल्यामुळे, की वेळेवर प्रामाणिक उत्तर न दिल्यामुळे? नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 84 झाडांसाठी अर्ज करण्याची मुभा दिली होती. मेट्रो महामंडळाने त्याहून अधिक झाडांची परवानगी थेट वृक्ष प्राधिकरणाकडे मागितली. 17 एप्रिल 2023 रोजी न्यायालयाने त्याबद्दल महामंडळाला 10 लाख रुपये भरायला लावले. काम अडू नये म्हणून 177 झाडांना परवानगीही दिली. प्रकल्प पुढे गेला आणि मर्यादा ओलांडल्याची नोंदही झाली. दोन्ही गोष्टी एकाच आदेशात होऊ शकल्या, कारण कोणीतरी झाडे मोजत होते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे आणि त्यात तथ्य आहे. शहरातल्या पर्यावरणवाद्याला झाड दिसते, झोपडी दिसत नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील अतिक्रमणांविरुद्ध 1995 साली याचिका झाली आणि 1997 मध्ये उच्च न्यायालयाने ती हटवण्याचा आदेश दिला. सुमारे 104 चौरस किलोमीटरचे हे जंगल, त्यातले तुळशी आणि विहार तलाव, कान्हेरीची लेणी, बिबटे, सगळे आज शिल्लक आहे त्यात त्या आदेशाचा वाटा आहे. पण त्या कारवाईत हजारो गरीब कुटुंबांच्या घरांवर बुलडोझर चालले. काहींना पुढे चांदिवलीला घरे मिळाली, काहींना काहीच मिळाले नाही. पिढ्यान् पिढ्या तिथेच राहणाऱ्या आदिवासींच्या डोक्यावरही ‘अतिक्रमक’ हा शिक्का बसला. उद्यान वाचले म्हणून आनंद मानताना हे विसरता येणार नाही, आणि सत्काराच्या भाषणातून ते गाळणे तर अजिबात योग्य नाही. ज्याचा सन्मान करायचा त्याच्या कामाचा पूर्ण हिशेब मांडण्यात त्याचा कमीपणा नाही.

यातूनच सन्मान कोणाचा, हा प्रश्न पुढे येतो. आरेच्या लढ्यात याचिकाकर्ते होते, कॉलेजची मुले होती, आणि केल्टीपाडा, प्रजापूरपाडा यांसारख्या पाड्यांवरचे वारली, कोकणा, मल्हार कोळी होते. 1949 साली दुग्धवसाहत स्थापन झाली त्याच्या कितीतरी आधीपासून ही माणसे तिथे आहेत. पाड्यांवर वाघोबा पुजला जातो. बिबट्या रात्री घराजवळून जातो आणि सकाळी भाजीच्या वाफ्यात त्याची पावले दिसतात. त्या जंगलात नव्याने नोंदवलेल्या विंचवाच्या एका जातीला शास्त्रज्ञांनी आरेचे नाव दिले आहे. तिथली जमीन, तिथले पाणी, तिथली श्वापदे यांचे रोजचे ज्ञान पाड्यांवर आहे. टीव्हीच्या चर्चेत मात्र खुर्ची मिळते इंग्रजी बोलणाऱ्याला. पुरस्कारांच्या शिफारशीही बहुतेक त्यालाच मिळतात, कारण शिफारशीचा अर्ज कसा भरायचा हे त्यालाच ठाऊक असते.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचा सन्मान वेगळ्या तऱ्हेने झाला, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखी माणसे आणि सर्व संमतीने निर्णय घेणारी ग्रामसभा यांनी आपले जंगल राखले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. 2009 साली वन हक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. देशात असा हक्क मिळालेले ते पहिल्या गावांपैकी एक. बांबूची विक्री ग्रामसभेच्या हाती आली, मजुरी आणि उत्पन्न गावात राहिले. ‘तुम्ही राखले, तर आता ते तुमच्या नावावर’ असे शासनाला कधीतरी म्हणता आले, ही साधी गोष्ट नाही. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात बारीपाड्याच्या चैत्राम पवारांना 2025 साली पद्मश्री मिळाली तेव्हाही मला मनापासून आनंद झाला. तिथे गावाने कुऱ्हाडबंदी केली, जंगल परत आणले, विहिरींना पाणी आले. एका माणसाच्या छातीवर पदक लागले तेव्हा त्यामागे राखण करणारे अख्खे गाव होते, आणि ते पदक राष्ट्रपती भवनात दिले गेले हे चांगलेच झाले.

गोव्याकडेही पाहिले पाहिजे. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान यांतून वीजवाहिनी, महामार्गाचे चौपदरीकरण आणि रेल्वेचे दुपदरीकरण असे तीन प्रकल्प जाणार होते. 2020 मध्ये, टाळेबंदीच्या वर्षात, तरुण मुला-मुलींनी ‘आमचे मोले’ ही चळवळ उभी केली. त्यांत वास्तुरचनाकार होते, चित्रकार होते, संशोधक होते, वकील होते. कोणी फुलपाखरांची चित्रे काढली, कोणी अहवालांतल्या चुका शोधल्या. 1 नोव्हेंबरच्या रात्री चांदरला रेल्वेमार्गाजवळ हजारो लोक मेणबत्त्या घेऊन शांतपणे जमले. पोलिसांनी गुन्हे नोंदवले. 9 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे दुपदरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी रद्द केली. म्हणजे रुळांजवळ उभ्या राहिलेल्या माणसांचा मुद्दा देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरला. तरीही त्यांना पोलिस ठाण्याचे हेलपाटे घालावे लागलेच. त्याच गोव्यात जानेवारी 2020 मध्ये म्हादई अभयारण्यात चार वाघ मारले गेले होते. गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर 24 जुलै 2023 रोजी उच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करायला सांगितले, आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. वाघ वाचवा म्हणणाऱ्या नागरिकाला आपल्याच सरकारच्या वकिलासमोर उभे राहावे लागते आणि त्या वकिलाचे शुल्कही त्याच्याच करातून जाते.

चांगले उदाहरण नाही असे नाही. 2004 च्या जूनमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांनी मुंबई हादरली होती. पकडलेले बिबटे दुसरीकडून आणून सोडणे, हद्दीवर कचरा आणि भटकी कुत्री, लोकांत पसरलेली घबराट अशी अनेक कारणे त्यामागे होती. 2011 साली संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या (एसजीएनपी) वन अधिकाऱ्यांनी संशोधक आणि सामान्य नागरिक यांना बरोबर घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. स्वयंसेवक वस्त्यांत गेले, शाळांत गेले, पोलिसांशी आणि पत्रकारांशी बोलले. बिबट्या दिसला म्हणजे पिंजरा लावायलाच हवा असे नाही, कचरा उचला, रात्री मुलांना एकटे पाठवू नका, गर्दी करू नका, हे समजावत राहिले. हल्ले कमी झाले. विभागाने नागरिकाला बाहेरचा तक्रारखोर न मानता कामात घेतले, की शहर आणि बिबट्या दोघांचेही भले होते हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. कायद्यातही याला जागा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या चौथ्या कलमाखाली शासन जिल्ह्यात मानद वन्यजीव रक्षक नेमू शकते. वृक्ष प्राधिकरणावर तज्ज्ञ आणि स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी घेता येतात. ही पदे सत्तेच्या जवळच्यांना वाटण्यासाठी नाहीत. ज्याच्या कपाटात दहा वर्षांच्या नोंदी आहेत त्याला ती द्या, वनाधिकाऱ्यांच्या बैठकीत त्याचे म्हणणे इतिवृत्तात लिहा, आणि ते अमान्य करायचे तर कारणासह करा.

पुरस्कारांबद्दल एक काळजीही व्यक्त करतो. अलीकडे पर्यावरणाचे बरेच पुरस्कार खासगी कंपन्यांच्या पैशातून दिले जातात. एका हाताने टेकडी फोडायची आणि दुसऱ्या हाताने ‘हरित योद्धा’ म्हणून एखाद्या साध्या कार्यकर्त्याच्या गळ्यात पदक घालायचे, हा व्यवहार त्या कार्यकर्त्याच्या विश्वासार्हतेवर चालतो. त्याने असे पदक नाकारले तर त्याला उद्धट म्हणू नये. पण अशा माणसाला पैशांची गरज असते हेही समाजाने मान्य केले पाहिजे. झेरॉक्स, प्रवास, टंकलेखन, वकिलांचे शुल्क, हे सगळे तो खिशातून करत असतो. आपल्याकडे देवळाच्या जीर्णोद्धाराला वर्गणी निघते, गणेशोत्सवाला निघते. शहरातल्या टेकडीच्या खटल्यासाठी शंभर-शंभर रुपये काढायला काय हरकत आहे? पुण्यात वेताळ टेकडीसाठी माणसे हजारोंनी चालली, तेव्हा हे शक्य आहे असे वाटले.

शासनाने काय करावे ते अवघड नाही. आरेत 812 एकर जमीन राखीव वनासाठी घेण्याचा निर्णय 2020 साली झाला आणि 2021 मध्ये ती वन विभागाच्या ताब्यात गेली. भारतीय वन अधिनियम, 1927 प्रमाणे कलम 4 ची अधिसूचना म्हणजे केवळ इरादा. लोकांच्या हक्कांची चौकशी आणि निवाडा होऊन कलम 20 ची अधिसूचना निघते तेव्हा जंगल राखीव होते. महाराष्ट्रात अनेक वनांचे घोडे या दोन कलमांमध्ये दशकानुदशके अडले आहे. आरेत, खाडीकाठी, नवी मुंबईच्या पाणथळ जागांत, पुण्याच्या टेकड्यांवर हे काम मुदत ठरवून पुरे करावे. पाड्यांवरच्या माणसांचे वनहक्क त्याच वेळी, त्याच कागदावर नोंदवावेत. हरकतींची सुनावणी झाली की प्रत्येक मुद्द्यावरचा निर्णय मराठीत, कारणांसह, संकेतस्थळावर टाकावा. मूळ पर्यावरण अहवाल पूर्ण मराठीत द्यावा. आणि येत्या 5 जूनला, जागतिक पर्यावरण दिनी, गृह विभागाने एक यादी प्रसिद्ध करावी: झाडे, टेकड्या, पाणथळी आणि वन्यजीव यांच्यासाठी शांततेने उभ्या राहिलेल्या नागरिकांवर राज्यात किती गुन्हे दाखल आहेत, कोणत्या पोलिस ठाण्यात, कोणत्या क्रमांकाचे, आणि त्यांतले कोणते न्यायालयाच्या संमतीने प्रत्यक्ष मागे घेतले गेले.